पहिला रंग निळा

खटकचिंचोळीत सिद्धरामअप्पांना ओळखायचं असेल तर वर बघत चालणारा माणूस शोधावा. गावातली बाकीची माणसं खाली बघून चालतात, कारण रस्ताच तसा आहे. अप्पांची नजर मात्र खांबावर. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं केबलचे जोड मारण्यात गेली. पुढं खांबांवरच्या तारा उतरल्या, खांब वाकले, काहींना लोकांनी म्हशी बांधल्या, पण मानेची सवय काही गेली नाही. मंठाळपासून राजेश्वरपर्यंत जमिनीखाली आपला जोड कुठं कुठं पुरलेला आहे, ते अप्पा अजूनही सांगतील. विचारणारं कुणी उरलं नाही, ही गोष्ट वेगळी.

केबलच्या पोटात तारांच्या जोड्या असतात, शेकड्यांनी. खड्ड्यात उकिडवं बसून इकडची निळी जोडी तिकडच्या निळीला, इकडची नारिंगी तिकडच्या नारिंगीला, असं जुळवत जायचं. क्रम कायमचा ठरलेला : निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा. आणि नियम एकच, जोडी फोडायची नाही. एका जोडीतली तार दुसऱ्या जोडीतल्या तारेशी गाठली, की भालकीच्या माणसाच्या बोलण्यात बसवकल्याणचा माणूस घुसलाच म्हणून समजा. प्रत्येक जोड बंद करताना अप्पा आत आपल्या नावाची चिठ्ठी ठेवायचे. कुणी सांगितलेलं नव्हतं. उद्या जोड बिघडला तर उघडणाऱ्याला कळावं, शिव्या कुणाला द्यायच्या ते, एवढाच हिशेब. चौतीस वर्षांत शिवी आली नाही. साहेबाची बदली झाली की जुना साहेब नव्याला सांगून जायचा, सिद्धरामचा जोड उघडत बसू नका, दोष दुसरीकडं शोधा.

माणूस मात्र अबोल. त्यांची बायको नागम्मा म्हणायची, “साऱ्या तालुक्याचं बोलणं जोडून देतंय हे माणूस, आन घरात आलं की तोंडाला कुलूप.” नागम्माला जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून घरात बोलणारं माणूस म्हणजे एकटी सुधारानी, त्यांची लेक.

आईच्या आजारपणात सुधारानी हैदराबादची नोकरी सोडून आली होती, ती राहिली. तिशीची झाली तरी अप्पांना ती अजून मांडीवरचीच वाटायची. लहानपणी ती तापानं फणफणली की अप्पा तिला मांडीवर घेऊन थोपटायचे आणि हळू आवाजात म्हणायचे, निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी. त्यांना दुसरं गाणंच येत नव्हतं. बालवाडीत बाईंनी पहिला रंग कोणता म्हणून विचारलं, तेव्हा सगळी पोरं तांबडा म्हणाली. ही निळा म्हणाली, आणि बाईंशी भांडून घरी आली.

तर यंदा या सुधारानीला एक काम चालून आलं. हैदराबादच्या एका कंपनीचं. लोकांची रेकॉर्ड केलेली बोलणी ऐकायची आणि लिहून काढायची. मराठी, कन्नड, दखनी, तिन्ही ज्याच्या कानात बसल्यात असं माणूस त्यांना हवं होतं, आणि असं माणूस आमच्या या सीमेवर सोडून मिळणार तरी कुठं! काम घरी बसून करता येणार होतं. अट एवढीच, की कॉम्प्युटर तारेनं जोडलेला हवा, मोबाईलच्या जोरावर चालायचं नाही. सोमवारी अकरा वाजता कंपनीवाले अर्धा तास लाईन तपासणार. तेवढ्यात बोलणं तुटलं, तर मुकाट हैदराबादला येऊन ऑफिसात बसायचं.

“तारंनंच पायजे म्हणले?” अप्पांनी जेवताना विचारलं.

“व्हय अप्पा, तारंनंच.”

पुंडीच्या भाजीचा घास अप्पांच्या हातातच राहिला. लेक जाणार या धास्तीनं आठ दिवस त्यांना भाकरी गोड लागत नव्हती. पण राहा किंवा जा, एक शब्द ते बोलले नव्हते. आता सगळं एका तारेवर आलं म्हटल्यावर त्यांनी ताटातली भाकरी संपवून आणखी अर्धी मागून घेतली.

घरात कॉम्प्युटर होता, सुधारानीच्या कॉलेजच्या दिवसांतला. म्हातारपणी तो सुरू व्हायलाच चहा उकळेपर्यंत वेळ घ्यायचा, म्हणून तिनं जुनं सगळं काढून त्यात लिनक्स घातलं होतं, आणि म्हातारा पुन्हा पळायला लागला होता. पण गेल्या उन्हाळ्यात वीज पडली तेव्हा त्याची तार लावायची जागा जळून गेली. म्हणजे आत वेगळं नेटवर्क कार्ड बसवणं आलं. शिवाय इंटरनेट गल्लीच्या टोकाला गुरुबाईच्या पिठाच्या गिरणीपर्यंतच आलं होतं. तिथून घरापर्यंत साठ मीटर तार ओढायची. गुरुबाई नागम्माची जिवाची मैत्रीण. ती म्हणाली, “घे की अण्णा माज्या गिरणीतनं. तारंतनं पीठ काय जायलंय व्हय?”

कार्ड निवडण्यात सुधारानीचे तीन दिवस गेले. अप्पा शेजारी खुर्ची ओढून बसायचे.

“डब्यावरच्या नावाला भुलायचं न्हाई, अप्पा,” ती सांगायची. “नाव तेच ठिवत्यात आन आतली चिप बदलत्यात. लिनक्सची वळख चिपशी हाय, डब्याशी न्हाई.”

“मंजे माणसावाणीच की. आडनावावर जायचं न्हाई.”

“आन दुकानदार म्हणला, ह्या सीडीबिगर चालत न्हाई, तर ते कार्ड तितंच ठिवून या. लावलं की आपणहून वळखावं, असलं पायजे आपल्याला.”

तिनं दोन चिपांचे नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून दिले. अप्पांनी कॉम्प्युटरचं झाकण काढलं, कार्ड बसायच्या फटीवर कागद ठेवून बोटानं दाबला आणि फटीचा छाप घेतला. लेक हसली. पण भालकीच्या दुकानात दुकानदार शरणबसवनं जे पहिलं कार्ड काढलं ते जुन्या लांब फटीचं निघालं, आणि अप्पांनी छापाला लावून ते सरळ परत केलं.

“शरणु, अण्णा, एवढं कामून कष्ट?” शरणबसव हात जोडून म्हणाला. बोटाच्या पेराएवढी एक वस्तू त्यानं पुढं केली. “हे बगा, तारंची भानगडच न्हाई. हवंवर चालतंय.”

“लेकीची नोकरी हवंवर ठिवू व्हय?”

मग अप्पांनी खिशातून भिंग काढलं आणि कार्डावरच्या चिपचा नंबर कागदाशी दोनदा ताडून बघितला.

“अण्णा, पोरगी बगायला आल्यावाणी बगायलाव की.”

“पोरीसाठीच बगायलोय,” अप्पा म्हणाले. एका दमात एवढं बोलणं त्यांच्या हिशेबानं पुष्कळ झालं.

परत येऊन त्यांनी तार ओढली. वय सदुसष्ट, पण गच्चीवरून गच्चीवर असे चढले-उतरले की गुरुबाईनं खालून नागम्माची शपथ घातली. तारेच्या दोन टोकांना प्लास्टिकचे पारदर्शक प्लग बसवायचे होते. प्लगला आठ दात, तारेत आठ धागे, चार जोड्यांचे : प्रत्येक जोडीत एक रंगीत, दुसरा पांढऱ्यात तोच रंग. प्लगच्या पुडीत रंगांच्या क्रमाचा एक छापील कागद होता. अप्पांनी चष्मा लावून तो वाचला आणि त्यांचं डोकं फिरलं. पहिला रंग नारिंगी! आणि त्याच्यापुढं हिरव्या जोडीतला एक धागा, मग मधे अख्खी निळी जोडी, आणि हिरव्याचा दुसरा धागा पार पलीकडं. उघड उघड जोडी फोडलेली.

“छापणाऱ्याला रंग कळंनात,” असं म्हणून त्यांनी कागद चुरगाळून टाकला. मग आपल्या हातानं निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, चारी जोड्या शेजारी शेजारी मांडून प्लग दाबले. इतका देखणा जोड त्या प्लगनं जन्मात बघितला नसेल.

कार्ड बसलं. लिनक्सनं ते न सांगता ओळखलं. कार्डावरचा हिरवा दिवा लागला, आणि अप्पांनी नकळत हात जोडले. पण सुधारानीनं बोलून बघितलं तर पलीकडचा आवाज तुकड्या-तुकड्यांनी यायला लागला. पडद्यावर चुकांचा आकडा दिसायचा, तो भाजीच्या फोडणीतल्या मोहरीसारखा तडतड वर चढत होता.

“कार्ड खराब लागलं,” अप्पा म्हणाले.

दुसरं आणलं, दुसऱ्या चिपचं. तेच. तिसरं आणलं, शरणबसवनं खास बिदरहून मागवलेलं. तरी तेच. नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण म्हणतो. पण ज्याला चौतीस वर्षं नाचता येत होतं त्यानं अंगणावर शंका घेतली, तर त्याला काय म्हणावं? सुधारानीनं मधे एकदा प्लग हातात घेऊन बघितलाही. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी. बरोबर आहे, असं म्हणून ठेवून दिला. अप्पांचा जोड चुकेल हे तिच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. ती त्या जोडाच्या अंगाईवर वाढली होती.

शनिवारी अप्पा तिन्ही कार्डं पिशवीत घालून भालकीला गेले. शरणबसवनं तिन्ही एकेक करून आपल्या कॉम्प्युटरला लावली, दुकानातली हातभर तयार तार जोडली. तिन्ही तासभर बिनचूक चालली. चुकांचा आकडा शून्याच्या पुढं सरकेना.

“अण्णा,” शरणबसव जरा भीत भीत म्हणाला, “जोड एकदा बगितलाव का?”

अप्पांचे कान लाल झाले. “तू जन्मला नव्हतास तवापासनं जोड मारायलोय मी.”

 शरणबसवनं कार्डं परत पिशवीत घातली आणि त्यांच्याबरोबर ती हातभर तारही टाकली. म्हाताऱ्या माणसाशी वाद घालायचा नाही, एवढं घरचं वळण त्याला होतं.

बस सुटल्यावर अप्पांनी ती तार बाहेर काढली. दोष काढायलाच काढली होती. खिडकीच्या उजेडात भिंग लावलं. पहिला रंग नारिंगी. दुसरं टोक बघितलं, तिथंही नारिंगी. आणि दोन्हीकडं हिरव्याच्या मधे निळी जोडी बसलेली, अगदी त्या चुरगाळलेल्या कागदावर होती तशी. छापणारा एक चुकेल. तार बनवणाराही तीच चूक करेल? आणि करून तार चालेल?

अप्पा दात मोजायला लागले. हिरव्याचा एक धागा तिसऱ्या दातावर, दुसरा सहाव्यावर. म्हणजे या यंत्रात तिसरा आणि सहावा दात मिळून एक बोलणं नेतात. असं कुणी ठरवलं देव जाणे, पण ठरलेलं आहे. दात लांब बसले तरी तारेच्या पोटात त्या दोन धाग्यांचा पीळ एकच. जोडी कुणी फोडलेलीच नव्हती. मग आपल्या तारेत तिसऱ्या दातावर काय आलं? नारिंगी जोडीतला धागा. आणि सहाव्यावर? हिरव्या जोडीतला.

जोडी फोडायची नाही म्हणून हट्ट धरला, आणि जोडी फोडली ती आपणच. काखेत कळसा आणि गावाला वळसा. गावाचा फाटा आला तरी ते उठले नाहीत. कंडक्टरनं खांद्याला हात लावला तेव्हा भानावर आले.

घरी सुधारानीनं कपाटावरची बॅग खाली काढली होती. दोन साड्या घडी करून आत ठेवल्या होत्या.

“राहू द्या आता, अप्पा,” ती म्हणाली. “आपली लाईनच न्हाई बरी. सोमवारी कळवते त्यास्नी, येते म्हणून.”

खरं सांगायचं तर अप्पांच्या मनात पाप आलं. गुपचूप जोड बदलला तर कुणाला कळणार होतं? तिसरं कार्ड एकदाचं बसलं, असं म्हणता आलं असतं. चौतीस वर्षांचं नाव तसंच राहिलं असतं. ते खाली बसले, पिशवीतली तार काढून मांडीवर ठेवली, आणि त्यांना आपल्या चिठ्ठ्या आठवल्या.

“कार्ड तिन्ही चांगली हायेत, सुधा,” ते म्हणाले. “जोड चुकलाय. माजा.”

सुधारानी बॅगेजवळून उठून आली. अप्पांनी तिला भिंगातून तार दाखवली, दात मोजून दाखवले, कागद कसा चुरगाळला तेही सांगितलं.  म्हातारा रडत नव्हता, पण रडला असता तर बरं झालं असतं, असं त्याचं तोंड झालं होतं.

“मी पण बगितले की तो जोड,” ती म्हणाली. “मला पण बरोबरच वाटला. तुमीच शिकवलेलं हाय मला.”

रविवारी सकाळी दोघं गिरणीत गेली. अप्पांनी जुना प्लग छाटला. धागे सुटे केले, सरळ केले, आणि बोटं आपोआप निळ्याकडं गेली. त्यांनी ती मागं घेतली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा बोटं निळ्यावर. जित्याची खोड म्हणतात ती हीच. तिसऱ्या वेळी बोटांनी पुन्हा निळाच ओढला आणि ओळीत आलेले धागे विस्कटून गेले.

सुधारानी पिठाच्या पोत्यावर त्यांच्याशेजारी टेकली. त्यांच्या मनगटाला तिनं खालून आपला हात लावला आणि हळूहळू म्हणायला लागली, “पांढरा-नारिंगी, नारिंगी. पांढरा-हिरवा. आता निळा, अप्पा. आता निळा घ्या. मग पांढरा-निळा. आन आता हिरवा.”

अप्पांची बोटं तिच्या शब्दामागून जात होती. तिच्या म्हणण्याला त्यांचीच चाल होती, तापातल्या पोराला थोपटतानाची. गिरणीच्या दारात गुरुबाई पदर तोंडाला लावून उभी होती. पीठ डोळ्यात गेलं, असं तिनं नंतर सांगितलं.

गिरणीतलं टोक झालं, मग घरचंही झालं. सुधारानीनं एका कागदाच्या कपट्यावर लिहिलं, “सिद्धराम आणि सुधारानी”, आणि तो घडी करून प्लगच्या मागं दोऱ्यानं बांधला. मग कॉम्प्युटर लावला. चुकांचा आकडा शून्य. चहा झाला, जेवण झालं, तरी शून्य. भिंतीवरच्या नागम्माच्या फोटोला अप्पांनी त्या दिवशी दोनदा फूल वाहिलं.

सोमवारी अकराला पाच कमी असताना गुरुबाईनं गिरणी बंद केली. दळणाला आलेल्या बायका कुरकुरल्या तर म्हणाली, “नागम्माच्या लेकीची परीक्षा हाय. अर्धा तास उशिरा भाकरी खाल्ली तर मरत न्हाईत तुमची माणसं.” अप्पा काठी घेऊन गच्चीवर जाऊन बसले. तारेवर कावळा बसू नये म्हणून. कावळा बसल्यानं बोलणं तुटत नाही हे त्यांच्याइतकं तालुक्यात कुणाला ठाऊक नव्हतं, तरी बसले. डोक्यावर ऊन, नजर तारेवर.

साडेअकराला सुधारानी जिना चढून वर आली.

“पास झाली लाईन, अप्पा. एकदा पण तुटली न्हाई.”

अप्पांनी काठी खाली ठेवली आणि मान हलवली.

“पण हैदराबादची जागा पण हाय म्हणायलेत,” ती पुढं म्हणाली. “तितं पगार जास्ती हाय. घरनं करतीस का हिकडं येतीस, आजच कळव म्हणले. काय सांगू?”

अप्पा तारेकडं बघत राहिले. त्यांना वाटलं होतं की तार नीट झाली की सगळं आपोआप होईल, आपल्याला काही बोलावं लागणार नाही. सुधारानी त्यांच्यासमोर उकिडवी बसली, खड्ड्यात ते बसायचे तशी.

“तीन कार्डं आणलाव,” ती म्हणाली. “चार खेपा केलाव भालकीच्या. ह्या वयात गच्च्या चढलाव. पण राहा म्हणून एकदा तरी म्हणलाव का मला?”

खाली गुरुबाईची गिरणी पुन्हा सुरू झाली.  निळ्यावर जाणारी बोटं मागं घेताना झाला नव्हता एवढा त्रास अप्पांना आता होत होता.

“राहा,” ते म्हणाले. आणि ती ऐकतेय हे बघून, पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं, “राहा की गं, सुधा. तू न्हाईस तर घरात बोलायचं कुणासंगं?”

“बोलता कवा तुमी!” असं म्हणून ती हसायला लागली, आणि हसता हसता तिनं डोळे पुसले. मग ती फोन करायला खाली गेली, आणि अप्पा तिच्या मागोमाग जिना उतरले, खाली बघत.